बिअरच्या जत्रेतला थर्मास

मी माझ्या सख्ख्या ताईचं औषध बर्फात घातलं, वरून मीठ पेरलं आणि मारून टाकलं. औषध मारलं म्हणतेय मी. पुढचं पुढे सांगते. हे सगळं मी प्रेमानं केलं, विज्ञानाच्या आधारानं केलं, आणि जर्मनीतल्या एका बिअरच्या जत्रेत बाकावर उभी राहून, परक्या लोकांच्या टाळ्या घेत केलं. माणसानं मूर्खपणा करायचा तर कोपऱ्यात बसून करावा, निदान साक्षीदार तरी नसतात. मला तेवढीही अक्कल नव्हती.

परवा नातीनं फोनवर फोटो पाठवला. ती तिकडेच शिकायला आहे. शनिवार-रविवार धरून मित्रमैत्रिणींबरोबर म्युनिकला त्याच जत्रेला गेली होती. हातात काचेचा मग, तिच्या तोंडाएवढा, आणि वरचा फेस नाकाला लागलेला. सूनबाई तो फोटो माझ्यापासून लपवत होती. मी म्हटलं, दाखव गो, मी गेलेय तिथं. सगळे हसले. म्हातारीनं आणखी एक सोडली, असं प्रत्येकाच्या तोंडावर. घरात माझी ख्यातीच तशी. मी खरं बोलले तरी हशा पिकतो. ही सोय माझी मीच करून ठेवलीय. जन्मभर लोकांना हसवत राहिलं की कुणी खोलात जाऊन विचारत नाही.

पण मी खरंच गेले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी रसायनशास्त्र शिकायला पश्चिम जर्मनीतल्या एका लहानशा गावात होते. शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि शिष्यवृत्तीबरोबर शिंगंही फुटली होती. आमच्या आळीतून परदेशी गेलेली मीच पहिली मुलगी. निघताना अर्धं पेण एसटी स्टँडवर आलं होतं, आणि मी प्रत्येकाला असा नमस्कार करत होते, जणू परत येईन ती पुतळ्याच्या रूपातच येईन. अंगात पातळ, पातळावर पुरुषी स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. या थाटात मी युरोप जिंकायला निघाले होते.

आमचं घर पेणचं, आणि धरमतरच्या खाडीकडे मिठागरात आमचा वाटा. त्यामुळे घरात मीठ कधी विकत आलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात खड्या मिठाची गोणी टेकलेली असायचीच. दृष्ट काढायला तेच, कैऱ्या खारवायला तेच, आणि मे महिन्यात आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर ओतायलाही तेच. बर्फ कारखान्यातून भुशात गुंडाळून, गोणपाटात बांधून यायचा. बाबा तो धोपटण्यानं फोडायचे, आई वर ओंजळीनं मीठ टाकायची, आणि ताई नि मी दांडा फिरवायला भांडायचो. बर्फात मीठ पडलं की गारठा वाढतो, हे आमच्याकडच्या पोरीला पाटीवर श्रीगणेशा गिरवण्याआधी कळतं. पुढे मी तेच परीक्षेत लिहिलं, सूत्रासकट, आणि मार्क मिळवले.

ताई माझ्याहून मोठी. शाळेत असतानाच तिला मधुमेह झाला. आई रोज काचेची सिरिंज उकळायची आणि तिला टोचायची. त्या काळी साखर बघायचं घरगुती यंत्र नव्हतं. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर देव पावला. हिरवं झालं तर चालेल. पिवळं झालं की आईचा चेहरा पडायचा. आणि विटकरी झालं तर त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्या घरातले सण-वार पंचांगावर नाही, त्या नळीवर ठरायचे.

तरीही ताईचं लग्न झालं. रोह्याचे एक शाळामास्तर सगळं ऐकून, समजून हो म्हणाले. मी जर्मनीला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी ताईला दिवस राहिले. आणि तेव्हाच तिचं नेहमीचं इंजेक्शन तिला सोसेना. टोचलं की अंगभर गांधी उठायच्या, खाज सुटायची. डोस कमी करावा तर साखर वर जाई. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिकडे युरोपात आता जास्त शुद्ध केलेलं इन्सुलिन निघालंय. ते मिळालं आणि साखर आवाक्यात राहिली, तर मूल हाताशी लागेल. नाहीतर आशा धरू नका.

झालं. घरात परदेशी गेलेली मुलगी होतीच. बाबांनी कळवलं, आणि मी अशी कामाला लागले जशी ताईच्या पोटातलं मूल मीच जन्माला घालणार आहे.

विद्यापीठाच्या डॉक्टरांना भेटून, रडून-भेकून मी चिठ्ठी मिळवली. गावात औषधांचं दुकान चालवणारी एक पिकल्या केसांची बाई होती. तिनं बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या बाटल्या मागवून दिल्या. देताना तिनं सावकाश, परक्या मुलीला समजेल असं सांगितलं की औषध गार जागी ठेव, उष्णता लागू देऊ नकोस, गोठू देऊ नकोस, आणि प्रवासात दोन-चार दिवस पर्समध्ये राहिलं तरी घाबरू नकोस. मला सगळं कळलं. माझं जर्मन चांगलं होतं, उगाच भाषेवर ढकलणार नाही. पण तिच्या बोलण्यातलं एकच माझ्या डोक्यात जाऊन बसलं, ते म्हणजे उष्णता.

आता हसा मला. पण पेणच्या माणसाला थंडीचं भय ठाऊकच नसतं हो. आमच्याकडे जे नासतं ते उष्णतेनं. दूध, मासळी, सकाळचा भात, सगळं. थंडीनं नासलेली एकही वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. थंड म्हणजे चांगलं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं. 'गोठू देऊ नकोस' हे मला 'मगरीपासून सांभाळ' म्हटल्यासारखं वाटलं. मगर कुठून येणार आहे? माझ्या डोळ्यांपुढे होता तो मुंबईचा विमानतळ, एसटीचा तापलेला पत्रा आणि अश्विनातलं ऊन.

औषध न्यायला माणूसही मिळाला. आमच्या गावात यंत्रांचं शिक्षण घेणारा एक पुणेकर होता. दिसायला बरा, बोलायला चिमटे काढणारा. माझ्या 'नाय' आणि 'हाय'ची तो चारचौघांत नक्कल करायचा आणि मी त्याच्यावर चिडल्याचं नाटक करायचे. नाटकच ते, हे आता सांगायला हरकत नाही. दसऱ्याला त्याच्या भावाचा साखरपुडा होता. दिवाळीनंतर परत यायच्या बोलीवर तो महिन्याभरासाठी घरी निघाला होता. विमान म्युनिकहून, रविवारी संध्याकाळी. तेव्हा जत्रा चालू होती. मग ठरलं की सगळ्यांनी शनिवारीच म्युनिकला जायचं, रविवारी दिवसभर बिअरची जत्रा करायची आणि याला विमानात बसवून परत यायचं. सगळे म्हणजे तो, मी, माझ्या खोलीतली तुर्की मुलगी आणि ज्याच्या मोडक्या गाडीतून जायचं तो एक लांबलचक जर्मन मुलगा.

तुर्की मैत्रिणीकडे सूप न्यायचा रुंद तोंडाचा थर्मास होता. तो मी मागून घेतला. वसतिगृहाच्या फ्रीजमधला बर्फ तळाशी घातला, कापसात गुंडाळलेल्या बाटल्या वर रचल्या, झाकण लावलं आणि थर्मासला शाल गुंडाळली. गाडीत तो माझ्या मांडीवर. जर्मन मुलगा वळणावर जोरात वळला की मी ओरडायची. तुर्की मैत्रीण म्हणाली, हिला बाळ झालंय, हळू चालव. मग दोन्ही दिवस त्या थर्मासचं नाव 'बाळ' पडलं. बाळाला भूक लागली का, बाळ झोपलं का. मीही हसत होते. शालीचं टोक सारखं करत होते.

जत्रेचं वर्णन काय करू? आधी आभाळात फिरणारे पाळणे दिसले, आणि मला बरं वाटलं की पाळणे तर आपल्याकडेही असतात. मग ते तंबू. तंबू कसले, एकेका तंबूत आमची आख्खी आळी गुरंढोरं घेऊन राहिली असती. लांबच लांब बाकं, त्यांवर खेटून बसलेली माणसं, मधोमध माचावर बँड. लठ्ठ बायका दोन्ही हातांत मगांचे घोसच्या घोस घेऊन गर्दीतून अशा वाट काढत होत्या, जशा आमच्याकडच्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चिखलातून जातात, एक थेंब न सांडता. थोड्या वेळानं माणसं बाकांवर चढली, गळ्यात गळे घालून डुलायला लागली. मी पुणेकराला म्हटलं, हा तर आमच्याकडचा शिमगा, फक्त बोंब सुरात आहे. तो म्हणाला, तुमच्याकडे सूर म्हणजे काय ते माहीत आहे हे ऐकून बरं वाटलं.

माझ्यापुढे मग आला. मी आयुष्यात चहापलीकडे काही प्यायले नव्हते, पण कबूल कोण करणार? ओठ लावले. काडेचिराइताच्या काढ्याला फेस आणलाय असं वाटलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, हं, बरी आहे. त्यांच्या त्या वळणावळणाच्या पावाला वर मिठाचे खडे चिकटवलेले असतात. ते मी नखानं खरवडून जिभेवर ठेवले आणि मत दिलं की आमच्या मिठागराच्या मिठापुढे हे काहीच नाही. तिघं माझ्याकडे बघत राहिले. बिअरच्या जत्रेत येऊन मिठाची परीक्षा घेणारी बाई त्यांनी आधी पाहिली नसावी.

बाळ पायांशी होतं. दुपारपर्यंत तंबू भट्टीसारखा तापला. एवढी माणसं, त्यांचे श्वास, भाजलेल्या कोंबड्यांच्या वाफा. माझ्या पाठीवरून घाम गळायला लागला आणि मला बाटल्यांची काळजी लागली. मी थर्मास उघडून बघितला. तळाच्या बर्फाचं पाणी झालं होतं. बाटल्या ओल्या होत्या, गारही होत्या, पण माझ्या मनाला त्या कोमट लागल्या. मला ताई दिसली, आईची परीक्षानळी दिसली. मी उठले आणि बर्फ शोधायला निघाले.

कोकणातल्या माणसाला परमुलखात हरवलं तर त्यानं नाकानं वाट काढावी. तंबूबाहेर मासळीचा वास आला, मी त्या वासामागे गेले. तिथे काठ्यांना टोचून मासे भाजत होते, आणि मागच्या बाजूला कच्चे मासे बर्फात ठेवलेले. विकणारी बाई कंबरेवर हात देऊन उभी होती, थेट आमच्याकडच्या बाजारातल्या कोळणीसारखी. तिला मी बहिणीचं औषध म्हणून सांगितलं. तिनं लगेच स्वच्छ पेटीतला बर्फ काढून माझ्या थर्मासात गच्च भरला. वर माझ्या गालाला ओला हात लावला.

तेवढ्यावर थांबले असते तर. बर्फ नुसता असता तर बाटल्या फार तर गार राहिल्या असत्या. विद्यापीठाच्या डॉक्टरांनी पुढे मला हेही समजावून सांगितलं, मी विचारलं नसतानाही. पण मी हुशार होते ना.

माझ्या पर्समध्ये एक पुरचुंडी होती. घरून निघताना आईनं बांधून दिलेली, आमच्याच मिठागराचे खडे. परक्या देशात कुणाची दृष्ट लागली तर स्वतःवरून ओवाळून टाक म्हणाली होती. मी ती कधी वापरली नव्हती. नुसती जवळ ठेवायचे, कधी खूपच परकं वाटलं तर हुंगायचे. मिठाला वास नसतो म्हणतात. आमच्या मिठाला खाडीचा आहे. त्या दुपारी तंबूत परत येऊन थर्मास बाकावर ठेवताना मला एकदम ती पुरचुंडी आठवली, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आइस्क्रीमचं पॉट! आईची ओंजळ!

मी पुरचुंडी सोडली आणि सगळं मीठ बर्फावर पेरलं. झाकण लावून थर्मास हलवला. जर्मन मुलानं विचारलं, हे काय करतेस? बस्स. मला कुणीतरी विचारायचाच अवकाश होता. मी पदर खोचला, बूट घातलेल्या पायांनी बाकावर चढले आणि बँडच्या वरताण आवाजात जर्मनमध्ये व्याख्यान दिलं. बर्फ वितळताना उष्णता कशी शोषतो, मिठानं वितळण्याचा बिंदू कसा खाली जातो, आणि भारतातल्या पेण गावच्या बायका हे कुठलंही विद्यापीठ न बघता कसं जाणतात. हे मीठ माझ्या वडिलांच्या मिठागरातलं आहे, हे औषध माझ्या बहिणीचं आहे आणि तिला मूल होणार आहे, हेसुद्धा सांगितलं. शेजारच्या बाकावरची लाल गालांची माणसं ऐकायला लागली होती. माझं संपलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकानं मग उंचावून आरोळी दिली, आणि आख्खी रांग उठून माझ्या ताईच्या आणि तिच्या बाळाच्या नावानं प्यायली. ज्यांना पेण कुठल्या खंडात आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांनी माझ्या ताईला दीर्घायुष्य चिंतलं. मला रडू आलं, एवढं बरं वाटलं.

पुणेकरही उभा होता. तो म्हणाला, "पेणकर, डोकं आहे म्हणायचं."

त्यानं पहिल्यांदाच माझं कौतुक केलं होतं. त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस तरंगत होते. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की ज्या मिश्रणात आइस्क्रीम गोठतं त्यात औषधाचं काय होईल. तो यंत्रांचा, मी रसायनांची. बाकाखाली विद्या, बाकावर आम्ही.

विमानतळावर त्याच्या हातात द्यायच्या आधी मी थर्मास एकदा उघडला. बाटल्यांवर पांढरं बर्फ धरलं होतं. एक पुसून बघितली तर आतलं औषध पांढरट, घट्ट दिसलं. मला इतकं समाधान वाटलं. आता मुंबईचं ऊन काय करील, म्हटलं. त्याला बजावलं, वाटेत उघडू नकोस, मुंबईला बाबा येतील, त्यांच्याच हातात दे. त्यानं बाळाला सलाम ठोकला आणि गेला.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःशी म्हणत असे की त्या दिवशी मला बिअर चढली होती. बरं असतं तसं म्हटलेलं. दारूवर ढकललं की बाईमाणसाला लोक क्षमा नाही करत, पण समजून तरी घेतात. पण ते खोटं आहे. मी अर्धा मगसुद्धा संपवला नव्हता. मी शुद्धीत होते. इतकी शुद्धीत मी एरवी क्वचितच असते.

दिवाळीनंतर पुणेकर परत आला. थर्मास नव्हता त्याच्याजवळ. आईनं दिलेला पोह्याच्या पापडांचा डबा होता. बाबा तो डबा द्यायला मुंबईला आले होते आणि त्यांनी त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं मला सांगितलं. डबा माझ्या टेबलावर ठेवून, उभ्यानंच. त्यानंतर त्यानं माझ्या 'नाय'ची नक्कल कधी केली नाही. मला ती करायला हवी होती.

बाकीचं मला घरी गेल्यावर आईकडून कळलं. थर्मास पेणला पोचला तेव्हा आत खारट पाणी होतं, आणि बाटल्यांमधलं औषध स्वच्छ दिसत होतं. ताई तेव्हा माहेरी आली होती, सातवा महिना. आईनं देवापुढे बाटली ठेवून हळद-कुंकू वाहिलं आणि पहिलं इंजेक्शन दिलं. गांधी उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई आरशात स्वतःचे दंड बघत बसली होती म्हणे. घरात सगळ्यांना केवढा आनंद. आळीत आईनं सांगून टाकलं, माझ्या पोरीनं तिकडून अमृत पाठवलंय. आणि त्याच आनंदात नळी पिवळी झाली. मग विटकरी. डॉक्टरांनी डोस वाढवला, त्याच बाटलीतला. नळी विटकरीच. पुन्हा वाढवला. ताईला तहान लागायला लागली, मग उलट्या, मग ती कुणाला ओळखेना. गाडी करून तिला मुंबईला नेलं. तिथे तिचं जुनं औषध पुन्हा सुरू केलं, गांधींसकट, आणि ताई वाचली. पोटातलं मूल आधीच गेलं होतं. मुलगी होती, आई म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा या वाटेला जाऊ नका.

सगळ्यांनी मानलं की नवं औषध ताईला मानवलं नाही. नशीब म्हणाले. औषधाला कुणी काही बोललं नाही, मला तर नाहीच. उलट बाबांनी निरोप दिला होता की पोरीला म्हणावं, तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस.

तर पुणेकर डबा ठेवून गेला, आणि मी तडक औषधाच्या दुकानात गेले, भांडायला. त्या पिकल्या केसांच्या बाईला मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं की तुमचं औषध खोटं होतं. तिनं मला आत नेलं, खुर्ची दिली आणि औषध कसं पाठवलं ते विचारलं. मी सांगितलं. तेव्हाही, तेव्हाही मी थोड्या तोऱ्यातच सांगितलं, बर्फ आणि वर मीठ.  तिनं टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, "मुली, तू रसायनशास्त्रच शिकतेस ना?"

त्या खुर्चीतून उठून मी वसतिगृहापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की रस्त्याकडेला पहिलं बर्फ पडलं होतं आणि एक लहान मूल ते मुठीत घेऊन आईला दाखवत होतं.

माणूस निष्काळजीपणा करतो, विसरतो, आळस करतो, आणि मग पश्चात्ताप करतो, हे सगळ्यांना समजतं. माझं तसं नव्हतं. मी काही विसरले नव्हते. मी त्या बाटल्या नुसत्या पर्समध्ये टाकून दिल्या असत्या, जत्रेत नाचले असते, बिअर पिऊन लोळले असते, तर औषध सुखरूप पोचलं असतं. मी आळशी असते तर मावशी झाले असते. याचं काय करायचं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. देवळात गेले, उपास केले, नवस करायला मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. अभ्यास पुरा केला, कारण तो सोडला असता तर का म्हणून विचारलं असतं. प्रयोगशाळेत कुणी बर्फ मागितला की मी बाहेर जायची. पुणेकराला मी कधी सांगितलं नाही. तो थर्मास त्यानं स्वतःच्या हातानं नेला होता, आणि तो तेवढं एक कौतुक परत घेईल याचं मला भय वाटलं. बघा, तिथेसुद्धा माझंच.

शिक्षण संपवून परत आले तेव्हा मे महिना होता. आता कासूला, निडीला रेल्वे थांबते, पेणहून रोह्याला बसल्या जागी जाता येतं. तेव्हा एसटीच. धुळीनं माखून मी ताईच्या दारात उतरले. सांगायचं ठरवूनच गेले होते. वाटेत वाक्य जुळवत होते, नागोठण्यापर्यंत एक, पुढे दुसरं. मला वाटत होतं की ताई मला मारेल, किंवा रडेल, किंवा जवळ घेईल. तिन्हींपैकी काहीही झालं तरी मी सुटणार होते.

मेहुणे शाळेच्या कामाला गेले होते. ताई मागच्या पडवीत कैऱ्या खारवायला बसली होती. पुढ्यात चिनी मातीची बरणी, शेजारी परातीत पुसून कोरड्या केलेल्या कैऱ्या, आणि पेणहून बाबांनी पाठवलेलं मीठ. फळीवर तो थर्मास. तुर्की मैत्रिणीचा. मास्तरांचा दुपारचा चहा त्यातून शाळेत जायचा. ताईनं मला आधी पोटभर हसून घेतलं, माझे कापलेले केस, माझे बूट. म्हणाली, पेणची होतीस ती बरी होतीस. मग मला कैऱ्या पुसायला बसवलं.

मी सांगितलं. जत्रा, तंबू, बर्फ, आईची पुरचुंडी, बाकावरचं व्याख्यान, टाळ्या, दुकानातली बाई, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही. मान खाली घालून, एकच कैरी पुन्हा पुन्हा पुसत. कैऱ्यांचा एक थर, मिठाचा एक थर, असं बरणीत चाललं होतं ते चालूच राहिलं. माझं संपल्यावरही तिनं उरलेल्या कैऱ्या रचल्या, वर मीठ दाबलं, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, दोरी दातानं ओढून गाठ मारली. हात झटकले. पण मीठ बोटांना चिकटून राहतं ते राहिलंच.

मी वाट बघत होते. ताईचा हात माझ्यावर उठावा एवढंच मागत होते मी.

त्यानंतर ताई बरीच वर्षं जगली. आधी डोळे गेले तिचे, मग मूत्रपिंडं. मी आठवड्याला रोह्याला जायची, तिला हसवायची, ती हसायची. शेवटपर्यंत आम्ही हा विषय पुन्हा काढला नाही. त्या दिवशी ती जे बोलली तेवढंच. माझ्याकडे न बघता, बरणीवर हात ठेवून बोलली:

"इतके दिवस मी देवाला शिव्या घालत होते गो. सकाळी उठले की पहिलं तेच काम. त्याला काय, त्याला लागत नाय. आता तुला घालू? तुला माझ्याच्यानं घालवत नायत. कशाला सांगितलंस?"